निरोप कोण आणतं?

(सातारच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याची शाळा. व्हरांड्यात टेबलावर नकाशा दाखवणारं मशीन आणि वायरलेस; मशीनसमोर ट्रेकवाल्यांचा सरफराज, शेजारी मेंढपाळ सुलाबाई. दुपारचे तीन वाजून गेलेत, ढग पार धारेपर्यंत उतरलेत.)

सुलाबाई : ...तर आमच्या जतचा वारा असला, की सासऱ्यानं शाळू पेरला आमच्या रानात आन उगवला कर्नाटकात. कापायच्या टायमाला म्हाताऱ्याला कानडी शिकावं लागलं.

सरफराज : आजी, जरा दम धरा की. ठिपका बघू द्या मला.

सुलाबाई : बघ की. डोळ्यानं बघ. कान तर मोकळंच हायत न्हवं?

सरफराज : कान वायरलेसकडं हायत. तुमचाच सिद्धू हुडकतोय आपण, शेजारचा न्हाई.

सुलाबाई : म्हणून तर बोलतीया. गप बसलं की नको नको त्ये सुचतंया. कुठं हाय आता त्यो?

सरफराज : ह्यो लाल ठिपका. त्याच्या गळ्यातली डबी दर धा मिंटाला सांगती, मी हितं हाय, मी हितं हाय. आत्ता बोरीच्या धारंवर.

सुलाबाई : मघाशी तर खाली दावला हुतास.

सरफराज : तीच तर बोंब हाय! रविवारच्या आमच्या ट्रेकसाठी वाटंवर फिती बांधायला सकाळी वर गेला, बरोबर तुमची मेंढरं. साडेअकराला डबीचं बटण दाबलं, मदत पाहिजे म्हणून. आणि तवापासनं गडी नुसता चालतोय. मदत मागून पळून जाणारा पहिला माणूस बघितला मी.

सुलाबाई : चालतोय म्हंजी पाय धड हायत.

सरफराज : पाय धड हायत तर बटण का दाबलं?

सुलाबाई : एका जागी बस की रं तू. उठतुयास, बसतुयास, माझं बी बूड ठरंना झालंय.

मल्हार (वायरलेसवर) : बेस, बेस, मल्हार बोलतोय. सहा जण बोरीच्या धारेवर पोचलोय. धुकं असं, की पुढच्याची पाठ दिसत नाही. बंदा कुठं आहे? ओव्हर.

सरफराज : मल्हारदादा, तुमच्या उत्तरेला, तीनशे मीटर. ओव्हर.

मल्हार : तीनशे? अर्ध्या तासापूर्वी पण तीनशेच होता! शिट्ट्या मारतोय, हाका मारतोय, आम्ही पुढं सरकलो की तो पुढं. अठरा वर्षं फौजेत काढली, जखमी माणूस आमच्यापासून भागताना बघितला नाही. पिऊन बिऊन गेला नव्हता ना? ओव्हर.

सुलाबाई : दे हिकडं त्ये. ए मिल्ट्री! माझं पोरगं ताक आंबट झालं तरी पीत न्हाई, दारू कसली पितंय?

सरफराज : आजी, बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्यांना काय पण गेलं न्हाई.

सुलाबाई : बरं झालं. लय वाईट बोलणार हुते.

सरफराज : दादा, दारूचा विषय न्हाई. तुम्ही चालत ऱ्हावा. ओव्हर.

सुलाबाई : ही रेघ कसली रं?

सरफराज : सकाळपासनं तो जिथनं जिथनं गेला ती वाट. आजी, हात नका लावू, सरकंल.

सुलाबाई : आन उगवत कुठं हाय ह्यात?

सरफराज : उगवत? पूर्व... ही बाजू. नकाशात वर उत्तर असती.

सुलाबाई : वर आभाळ असतंय. फिरव त्ये. उगवत माझ्या तोंडाकडं आण. हां. आता कळतंय. हे काय?

सरफराज : कडा. ह्या रेघा जवळजवळ आल्या की समजायचं, सरळ उभा कडा.

सुलाबाई : आन ही तांबडी रेघ कड्यातनं आडवी गेलीया?

सरफराज : मशीन कधी कधी थोडं चुकतं. पाचपन्नास फूट हिकडं तिकडं.

सुलाबाई : चुकलं न्हाई. तिथं कपार हाय. तळहाताएवढी. तिथनं माणूस जाईत न्हाई. आन हितं काय झालं? हितं गाठ दिसतीया.

सरफराज : तिथं वीसेक मिंटं थांबला होता. दीडच्या सुमाराला. मग शिट्ट्या वाजल्या आन निघाला.

सुलाबाई : हितं आमचा तळ हुता. परवा मोडला, हिकडं वड्याला आणला. तिथं एका पाथरावर म्या मेंढरांस्नी मीठ घालायचे...

सरफराज : आजी? काय झालं? पाणी देऊ?

सुलाबाई : सरफराज, ह्यो सिद्धू न्हवं.

सरफराज : मग कोण?

सुलाबाई : ह्यो हैबत्या हाय. आमचा म्होरक्या मेंढा. तळ हालवलेला त्येला अजून उमगला न्हाई, जुन्या जागी गेला, मीठ हुडाकलं, गावलं न्हाई. आन आता ही मिल्ट्री शिट्ट्या मारतीया म्हणून बुजून पळतुया.

सरफराज : आजी, पाया पडतो, आत्ता गोष्ट नको.

सुलाबाई : गोष्ट न्हाई.

सरफराज : काल जेवताना तुमी सांगितलं, तुमच्या कोंबडीनं बिबट्याला झाडावर चढवलं. परवा सांगितलं, टँकरचं पाणी एवढं जड आलं की हंडा उचलायला बैल जुंपला. आता मेंढ्यानं बटण दाबलं म्हणा.

सुलाबाई : बटण सिद्धूनंच दाबलं. दाबलं आन डबी हैबत्याच्या गळ्यात बांधली.

सरफराज : कशाला?

सुलाबाई : पोचवायला.

सरफराज : काय पोचवायला? आवं, डबीचा निरोप आपोआप येतोय की! हवेतनं! ह्या एरियलवर!

सुलाबाई : हे त्येला सांगितलंस?

सरफराज : सांगितलं की. ह्याच टेबलापाशी. म्हणलं, सिद्धूभाऊ, अडचण आली की हे लाल बटण दाबायचं, निरोप आमच्याकडं पोचतो.

सुलाबाई : आन त्येनं तुला काय इचारलं? मी तितं चुलीपाशीच हुते.

सरफराज : त्यानं... त्यानं विचारलं, निरोप कोण आणतं?

सुलाबाई : मग?

सरफराज : आमी हसलो.

सुलाबाई : कुणी सांगितलं का त्येला, कोण आणतं त्ये?

सरफराज : न्हाई. आमच्यातला यशराज म्हणला, पोस्टमन आणतो. आन आमी परत हसलो.

सुलाबाई : त्यो बी हसला असंल. हसू झालं की त्यो बी हसतो, म्हंजी म्होरं कुणी इचारत न्हाई.

सरफराज : पण आजी, कितीबी झालं तरी, संकटात पडलेला माणूस असली वस्तू मेंढराच्या गळ्यात बांधंल? कुणी सांगितलं त्याला असलं?

सुलाबाई : म्या.

सरफराज : तुमी?

सुलाबाई : गुंडाची गोष्ट. माझ्या भावाची.

सरफराज : ती व्हय? घळीत पडलेला मामा, मेंढ्याला मुंडासं बांधून धाडला, मेंढ्यानं सात डोंगर ओलांडलं, कृष्णा पुरातनं पोहून आला, तळावर येऊन तुमाला ढुशी दिली, आन तुमी जाऊन मामाला पाठीवर घालून आणलं. कुंडलच्या बाजारात मेंढ्याला फेटा बांधून सत्कार.

सुलाबाई : फेटा म्या घातला.

सरफराज : मेंढ्याला?

सुलाबाई : गोष्टीत. फेटा म्या घातला, पूर म्या घातला. सात डोंगर बी माझंच. एक टेकडी हुती. बारकी.

सरफराज : आजी, माझ्याकडं बघा. सहा माणसं हायत तिकडं धुक्यात. त्यांना माघारी फिरवायचं तर मला खरं पाहिजे. मीठमसाला न लावता. मेंढा खरंच आला होता का?

सुलाबाई : आला हुता. चरत चरत आला, दीस कलल्यावर. गळ्यात गुंडाचं तांबडं मुंडासं.

सरफराज : मग तुमी गेलासा, मामाला आणलं.

सुलाबाई : म्या हसले.

सरफराज : हसलासा?

सुलाबाई : आमी दोघं भावंडं लय खोडीची. त्यो माझ्या भाकरीत खडा घालायचा, मी त्येच्या घोंगड्यात गोखरूचं काटं. मला वाटलं, गड्यानं मेंढ्याचं लगीन लावून धाडलंय. म्या मुंडासं सोडलं, मळालं हुतं म्हणून धुतलं, वाळत घातलं. म्हनलं, आला की त्येच्याच डोक्यावर गार पाणी वतते. सकाळच्या पारी मानसं गेली. घळीत गावला. अंग अजून गार झालं न्हवतं, सरफराज. जरा आदी गेलो असतो तर.

सरफराज : सिद्धूभाऊला हे म्हाईत हाय?

सुलाबाई : चार वर्साचा हुता. मामा कुठं गेला म्हणून जेवना. मग म्या काय करणार? म्या मामाला वाचवला. पाठीवर घालून आणला, बरा केला, कर्नाटकात धाडला, तिकडं बायकू करून दिली. तीन पोरं बी दिली. दर साली येक गोष्ट वाढवली. पोरगं जेवाय लागलं.

सरफराज : आन आज त्यानं...

सुलाबाई : माझ्याच थापंला गाठ मारून डबी धाडलीया.

सरफराज : थांबा. थांबा आता. मग तो स्वतः कुठं? साडेअकराच्या आधी... हे बघा. धा वीसला ठिपका हितं आला आन हललाच न्हाई. तासाच्या वर. मी म्हणलं न्याहारी करतोय.

सुलाबाई : न्याहारी हितं करून गेला. चार भाकरी. म्या वाढल्या.

सरफराज : ही वाघजाईची घळ. आन आपली माणसं धारंच्या पार दुसऱ्या टोकाला. या अल्ला. तास न् तास घालवला मी त्या मेंढ्यामागं.

सुलाबाई : बोल त्येनला. काय बघतुयास?

सरफराज : मल्हारदादा, सरफराज. थांबा तिथंच. माघारी फिरा. वाघजाईच्या घळीकडं. ओव्हर.

मल्हार : परत बोल. बीकन आमच्या समोर आहे! ओव्हर.

सरफराज : डबी मेंढ्याच्या गळ्यात हाय. माणूस घळीत हाय. ओव्हर.

मल्हार : मेंढ्याच्या...? किसने बोला?

सरफराज : त्याच्या आईनं.

मल्हार : कोण, ती जतची आजी? कोंबडी-बिबट्यावाली?

सरफराज : व्हय. तीच.

मल्हार : सरफराज, डोकं ठिकाणावर ठेव. आपल्या कागदावर काय लिहिलंय? सिग्नल सोडायचा नाही. घळीपर्यंत सव्वा तास. सहाला अंधार. तिथं नसला तर आज परत इकडं येणं नाही, म्हणजे माणूस रात्रभर थंडीत. आणि ह्या धुक्यात मी टीम फोडणार नाही, तीन तिकडं तीन इकडं असलं काही नाही. एकच डाव आहे. जिम्मेदारी कुणाची?

सुलाबाई : माझी. सांग त्येला, माझी.

सरफराज : आजी, तुमची न्हाई चालत. दादा, जिम्मेदारी माझी. डबी कशी चालती ते मीच त्याला नीट सांगितलं न्हवतं. फिरा माघारी. ओव्हर.

मल्हार : ...कॉपी. फिरतोय. मेंढा निघाला नाही तर खाली येऊन मी तुला चढवतो हा डोंगर. आऊट.

सुलाबाई : फिरलं?

सरफराज : फिरलं. त्यांचे ठिपके निळे. हे बघा, हिकडं तोंड केलं.

सुलाबाई : लय हळू चालत्यात.

सरफराज : धुकं हाय, आजी. दोर धरून चालत्यात.

सुलाबाई : वाजलं किती?

सरफराज : चार.

सुलाबाई : आन आता?

सरफराज : आवं, आत्ताच विचारलं की.

सुलाबाई : तू कुठला म्हणालास?

सरफराज : कोरेगाव. मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. हे आपलं आवड म्हणून करतो. अम्मी म्हणती, दुकान सोडून लोकांची पोरं हुडकत फिरतोस. हुसेनबी नाव तिचं. तुमच्यासारखीच हाय, फक्त ती खरं बोलती.

सुलाबाई : मग तिच्याबरोबर करमत नसंल तुला.

सरफराज : आजी, सांगा एखादी. कोंबडीची सांगा.

सुलाबाई : एक कोंबडी हुती... तांबडी... आन मग...

सरफराज : मग?

सुलाबाई : आठवंना रं. काय सुचंना.

सरफराज : ऱ्हाऊ द्या.

सुलाबाई : त्येच्या अंगावर घोंगडं हाय का बघायला पायजे हुतं. सकाळी ऊन हुतं. हितंच टाकून गेलाय.

सरफराज : त्यांच्याकडं हाय, चांदीच्या कागदासारखं पांघरूण असतं. ऊब धरतं.

सुलाबाई : आता वाजलं किती?

सरफराज : पाच वाजून धा.

मल्हार : बेस, मल्हार. घळीच्या तोंडाशी पोचलो. तुझ्या जागेवर उभा आहे. इथं काही नाही. ओव्हर.

सरफराज : नीट बघा, दादा. ओव्हर.

मल्हार : नीटच बघतोय. एक पिवळी फीत बांधलेली आहे झाडाला. गाठ नवीन आहे. माणूस नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. उजेड पाऊण तास. सरफराज, मी तुला बोललो होतो. ओव्हर.

सुलाबाई : फीत त्येनंच बांधलीया. हितंच हाय त्यो.

सरफराज : दादा, कड्यापाशी मशीन पाचपन्नास फूट चुकतं. खाली बघा. कडंच्या खाली. ओव्हर.

मल्हार : खाली नुसतं दूध सांडल्यासारखं दिसतंय. हाक खाली जातच नाही, धुकं गिळतंय. ओव्हर.

सुलाबाई : काय म्हणून हाक मारत्यात त्ये?

सरफराज : नाव घेऊन. सिद्धू, सिद्धू.

सुलाबाई : मानसाची हाक लांबनं कळत न्हाई. मेंढरांस्नी घालायची हाक कळती. दे त्ये हिकडं. बटण दाबून धर तू, मला त्ये जमत न्हाई. आन त्येला म्हण, कडंला वाकून त्यो डबा खाली धर, पार खाली.

सरफराज : दादा, वायरलेसचा आवाज फुल करा आन कड्याच्या खाली धरा. आजी हाक देतायत. गप ऱ्हावा सगळी. ओव्हर.

सुलाबाई : ह्यॅऽऽ ह्यॅ ह्यॅऽऽ... बिर्रर्रऽऽ! ह्यॅऽऽ ह्यॅ ह्यॅऽऽ...

सरफराज : आजी, एक डाव अजून.

सुलाबाई : परत दाब. ह्यॅऽऽ ह्यॅ ह्यॅऽऽ... बिर्रर्रऽऽ!

मल्हार : थांबा. थांबा. कुणी हलू नका.

सुलाबाई : काय म्हणतोय?

सरफराज : शूऽऽ.

मल्हार : खालून आवाज आला. ठक. ठक. दगडावर काठी आपटतंय कोणीतरी. अमृत, दोर सोड! बेस, माणूस आहे. वीस फूट खाली, एका बेचक्यात. हात हलवतोय. जिंदा आहे! ओव्हर.

सरफराज : आजी. आजी, ऐकलंत? आवं, रडताय कशाला, सापडला की!

सुलाबाई : तू रडतुयास. मला म्हणतोय.

मल्हार : बेस, पोचलो त्याच्यापाशी. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलाय, फळी बांधतोय. अंग गार आहे पण शुद्धीवर आहे. झोळीतून आणतो. आजीला सांग... सांग की मल्हारनं सलाम ठोकलाय. बंदा बोलायचं म्हणतोय. घे. ओव्हर.

सिद्धू : आये...

सुलाबाई : बोल लेका.

सरफराज : बटण, आजी. हां, आता.

सुलाबाई : बोल लेका, ऐकतीया. लय दुखतंय का?

सिद्धू : आता न्हाई कळत. थंडी वाजतीया निस्ती. मेंढरं आली का तळावर?

सुलाबाई : तुझी बायकू गेलीया आणायला. तू मेंढराची नगं काळजी करू.

सिद्धू : आये, हैबत्या कवा पोचला?

सुलाबाई : न्हाई पोचला. अजून बी धारंवरच हाय.

सिद्धू : मग ही मानसं कशी आली?

सुलाबाई : त्या डबीनं जागा दावली. तिला कुणी न्यावं लागत न्हाई. त्वा इचारलं हुतंस, त्येचं उत्तर ह्येंनी द्यायचं ऱ्हायलं.

सिद्धू : आसं व्हय... शुद्धीवर आलो, बटण दाबलं, हैबत्या खाली माझ्यापाशी उतरला, मी आपला मामाच्या मेंढ्यासारखं केलं. म्हनलं, त्यो पोचला, ह्यो बी पोचंल.

सुलाबाई : सिद्धू, त्या मामाचं तुला सांगायचं हाय.

सिद्धू : आता गं? शंभर डाव सांगितलीयास की ती गोष्ट.

सुलाबाई : ती न्हवं, खरी. आदी तू खाली ये, कायतरी ऊन ऊन खा. ही लय बारकी हाय.